रुमाल कोणीं बांधावा?

योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत प्रभु येशूनें आपल्या शिष्यांचे पाय धुतल्याची जी हकीकत आहे, ती आमच्या मंडळ्यांत दर वर्षीं दुःखसहनाच्या सप्ताहांत वाचली जाते. ती वाचून झाल्यावर उपदेशक बहुधा एकच बोध काढितो : प्रभु नम्र झाला, म्हणून तुम्हींही नम्र व्हावें, प्रभूनें सेवा केली, म्हणून तुम्हींही सेवा करावी. हा बोध खरा आहे, यांत संशय नाहीं. परंतु तो ज्यांच्यापुढें सांगितला जातो ते लोक कोण आहेत, त्यांच्या वाडवडिलांनीं काय काय सोसलें आहे, याचा विचार न करितां तो सांगितला, तर त्याच शब्दांपासून एकाला औषध मिळतें व दुसऱ्याला विष मिळतें. म्हणून या लेखांत आम्ही एकच प्रश्न घेणार आहों. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बळेंच सेवक करून ठेविलें, त्यांस सेवक होण्यास सांगणें हें शुभवर्तमान कसें होईल?

हा प्रश्न आमच्या कल्पनेंतला नाहीं. आमच्या खेड्यांतील पुष्कळ ख्रिस्ती घराण्यांचे सोयरे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १४ आक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें बौद्ध धर्म स्वीकारल्यानंतर, त्या धर्मांत गेले. लग्नकार्यांत किंवा बाजारच्या दिवशीं गांठ पडली म्हणजे त्यांच्यांतील शिकलेले तरुण आमच्या मुलांस विचारितात कीं, गांवाची चाकरी आपल्या मानेवरून उतरावी म्हणून एवढी खटपट झाली, आणि तुमचा पाळक तर तुम्हांस अजून दास होण्यास शिकवितो, हें कसें? आमचीं मुलें गप्प बसतात. घरीं येऊन तीं वडिलांस विचारितात, तर वडील म्हणतात, 'बाळा, ख्रिस्ती माणसानें सारें सोसावें.' हें उत्तर भक्तिभावाचें असेल, पण तें प्रश्नाचें उत्तर नव्हे. मुलगा मनांत समजतो कीं आपल्या धर्मांत उत्तरच नाहीं. उत्तर आहे, आणि तें त्याच तेराव्या अध्यायांत आहे. पण आधीं प्रश्नाचें वजन नीट ओळखलें पाहिजे.

गांवची चाकरी म्हणजे काय होती, हें आजच्या मुलांस ठाऊक नाहीं. वेस राखणें, सरकारी अंमलदार आला म्हणजे त्याचें सामान वाहणें, पाटील-कुळकर्ण्यांचे निरोप पोहोंचविणें, कोणी मेलें तर परगांवच्या नातलगांस कळविण्यासाठीं रात्रीं-अपरात्रीं पायीं जाणें, मेलेलीं जनावरें ओढून नेणें, हीं सर्व कामें महारांच्या वांट्यास जन्मानेंच येत. मोबदला म्हणजे खळ्यावरचें बलुतें, थोडी इनाम जमीन, आणि दारोदार फिरून मागितलेली शिळी भाकर. मुंबई सरकारच्या १८७४ च्या वतन कायद्यानें ही चाकरी सरकारी कागदांत पक्की केली. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत त्या कायद्यांत सुधारणा करण्यासाठीं बिल आणिलें, परंतु तें पार पडलें नाहीं. शेवटीं १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांववतनें रद्द झालीं. म्हणजे ही फार जुन्या काळची कथा नव्हे. आज ऐंशी वर्षांचे जे म्हातारे आमच्या मंडळींत पुढच्या ओळींत बसतात, त्यांनीं ती लहानपणीं आपल्या डोळ्यांनीं पाहिली आहे. बाप्तिस्मा घेतल्यानेंही पुष्कळांची ही चाकरी सुटली नाहीं, कारण वतन घराण्याचें असे, आणि घराण्यांतील कोणी तरी ती बजाविलीच पाहिजे असा गांवाचा आग्रह असे.

या चाकरीस कोणी नम्रता म्हणत असे काय? होय, म्हणत असत. जो वाकून जोहार घाली, त्यास गांव भला माणूस म्हणे. जो सरळ उभा राही, त्यास मातलेला म्हणे. खालच्या माणसाच्या नम्रतेची स्तुति करणें वरच्या माणसास नेहमींच सोयीचें असतें. संत चोखोबांचें उदाहरण महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? मंगळवेढें येथें गांवकुसाचें काम चाललें असतां भिंत कोसळून, इतर मजुरांबरोबर, ते १३३८ सालीं मरण पावले असें परंपरा सांगते. त्यांची समाधि पंढरपुरास देवळाच्या महाद्वाराबाहेर आहे. त्यांच्या लीनतेचे गोडवे सर्वांनीं गाइले. परंतु त्यांच्या जातीच्या लोकांस त्या द्वाराच्या आंत जाण्यास सहाशेंहून अधिक वर्षें लागलीं, आणि त्यासाठीं १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींस उपोषण करावें लागलें. ज्याची नम्रता आपण वाखाणतों त्यास दाराबाहेरच ठेवितों, तर आपण नम्रतेची स्तुति करीत नसून आपल्या सोयीची स्तुति करीत असतों. हा दोष इतर धर्मीयांचा म्हणून आम्ही येथें दाखवीत नाहीं. आमच्याच मंडळ्यांत तो कसा शिरला आहे, हें पुढें सांगावयाचें आहे.

आतां त्या माडीवरच्या खोलींत जाऊं. योहान ती गोष्ट सांगतांना एक वाक्य असें घालितो कीं, तें आपण घाईनें वाचून पुढें जातों. प्रभु भोजनावरून उठला, वस्त्रें उतरलीं, रुमाल कंबरेस बांधला, हें सांगण्याच्या आधीं तिसऱ्या वचनांत योहान सांगतो कीं, पित्यानें सर्व कांहीं आपल्या हातीं दिलें आहे, आपण देवापासून आलों आहों व देवाकडे जात आहों, हें येशूस ठाऊक होतें. हें जाणून तो उठला. आपण कोण आहों हें ज्यास पक्कें ठाऊक होतें, त्यानें रुमाल बांधला. ज्यास खोलींतील कोणीही आज्ञा करूं शकत नव्हता, तो गुडघे टेकून बसला. यहुदी शास्त्र्यांच्या जुन्या भाष्यांत असें सांगितलें आहे कीं, इब्री दासाकडून धन्यानें आपले पाय धुवून घेऊं नयेत. इतकें हलकें तें काम मानीत. दासावरही जें लादूं नये, तें स्वामीनें आपण होऊन केलें. यांत वाकविणारा कोणी नाहीं, वाकणारा मात्र आहे.

वाकणें आणि वाकविलें जाणें यांत आकाशपाताळाचें अंतर आहे. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्हींत पाठ सारखीच दिसते. पण एकांत माणूस आपलें कांहीं तरी देतो. दुसऱ्यांत त्याच्यापासून कांहीं तरी हिरावून घेतलें जातें. जें माझ्या हातांतून ओढून नेलें, तें मी दान दिलें असें म्हणतां येईल काय? त्याप्रमाणेंच जें बळानें करवून घेतलें, त्यास सेवा हें नांव शोभत नाहीं. त्यास वेठ म्हणतात. वेठीला ख्रिस्ती नांव दिल्यानें ती सेवा होत नाहीं.

जुन्या करारांतही देवानें हा भेद ठेविला आहे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांत व अनुवादाच्या पंधराव्या अध्यायांत इब्री दासाविषयींचा नियम पाहा. सहा वर्षें झालीं म्हणजे सातव्या वर्षीं त्यास मोकळें सोडावें. आणि अनुवादांत तर असें आहे कीं, त्यास रिकाम्या हातांनीं पाठवूं नये, कळपांतून, खळ्यांतून व द्राक्षकुंडांतून भरपूर द्यावें. मग तो धन्यावरील प्रीतीमुळें आपण होऊन राहूं इच्छील, तर दाराशीं नेऊन आरीनें त्याचा कान टोंचावा, आणि तो कायमचा सेवक व्हावा. क्रम कोणता आहे, तो ध्यानांत घ्या. आधीं सुटका, मग प्रीति, मग सेवा. दार उघडें असतां जो राहिला, त्याचाच कान टोंचावयाचा. दार बंद असतां जो राहिला, त्याचा नव्हे. इस्राएल लोक मिसरांत फारोची जी चाकरी करीत होते तिला, व देवानें त्यांच्यापासून जी सेवा मागितली तिला, इब्री भाषेंत एकाच धातूपासून झालेले शब्द आहेत. तथापि देवानें मोशाला मिसरांत पाठविलें तें फारोची चाकरी अधिक नम्रतेनें करा असें सांगण्यासाठीं नव्हे. त्यानें लोकांस आधीं बाहेर काढिलें, आणि मग आपली सेवा करावयास सांगितलें.

कोणी म्हणेल कीं, प्रभूनें व प्रेषितांनीं तर मुकाट्यानें मार सोसला. सोसला हें खरें; पण मुकाट्यानें प्रत्येक वेळीं नव्हे. योहानाच्या अठराव्या अध्यायांत मुख्य याजकापुढें एका शिपायानें प्रभूस चपराक मारिली. प्रभूनें त्यास उलट मारिलें नाहीं, शापही दिला नाहीं. परंतु त्यानें मान खालीं घालून गप्पही बसला नाहीं. मी वाईट बोललों असेन तर तें दाखवून दे, नसेन तर मला कां मारितोस, असें त्यानें सरळ विचारिलें. प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय सोळा, यांत फिलिप्पै शहरच्या अधिकाऱ्यांनीं पौल व सीला यांस चौकशी न करितां चव्हाट्यावर छड्या मारून बंदींत घातलें, आणि सकाळीं गुपचूप निघून जाण्यास सांगितलें. पौल गेला नाहीं. आम्ही रोमी नागरिक असतां आम्हांस उघड मारिलें, तर आतां अधिकाऱ्यांनीं स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावें, असा त्यानें आग्रह धरिला, व तो तडीस नेला. पुढें त्याच फिलिप्पै शहरच्या मंडळीस पत्र लिहितांना पौलानें ख्रिस्ताच्या नम्रतेविषयीं असें लिहिलें कीं, त्याहून उंच लिखाण या विषयावर दुसरें नाहीं. दासाचें रूप धारण करणाऱ्या प्रभूचा महिमा सांगणारा पौल, आणि अन्यायी अधिकाऱ्यांस तुरुंगाच्या दारापर्यंत यावयास लावणारा पौल, हे दोन पौल नव्हेत. ज्या मंडळीनें हा दुसरा पौल पाहिला होता, तिलाच पहिल्याचें पत्र नीट समजलें असेल.

तेव्हां आमच्या मुलांनीं आपल्या सोयऱ्यांस असें उत्तर द्यावें : गांवानें आमच्या आजोबांपासून जें घेतलें ती नम्रता नव्हती, ती वेठ होती, आणि ती सुटली याबद्दल आम्हीही देवाचे आभार मानितों, व ज्यांनीं ती सोडविण्यासाठीं कष्ट केले त्यांचेही उपकार स्मरतों. आमचा प्रभु आम्हांस पुन्हां त्या वेशींत नेऊन उभें करीत नाहीं. तो आम्हांस आधीं पुत्र व कन्या म्हणून उभें करितो, आणि उभ्या असलेल्या माणसासच वाकावयास शिकवितो.

उंचीवरून खालीं उतरणें म्हणजे काय, याचें एक उदाहरण आमच्या महाराष्ट्रांतील आहे. पंडिता रमाबाईंस १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. एवढी संस्कृत विद्या त्या काळीं दुसऱ्या कोणत्या स्त्रीजवळ होती? पुढें त्या ख्रिस्ती झाल्या, आणि दुष्काळांत उघड्या पडलेल्या शेंकडों मुली व विधवा त्यांनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत आणून संभाळिल्या. आयुष्याच्या उत्तरार्धांत त्यांनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. १९२२ सालीं त्या वारल्या, व १९२४ सालीं तें भाषांतर संपूर्ण छापून प्रसिद्ध झालें. त्या भाषांतरांत त्यांनीं आपली संस्कृत विद्या मिरविली नाहीं. खेड्यांतील साध्या बाईस कळावें अशी सोपी मराठी त्यांनीं हेतुपूर्वक निवडिली. विद्या नसल्यामुळें सोपें लिहिणें वेगळें. विद्येचें भांडार जवळ असतां तें बाजूस ठेवून, दळण दळणाऱ्या बाईच्या शेजारीं बसून तिच्या बोलींत बोलणें वेगळें. त्यांना कोणी भाग पाडिलें नव्हतें. रुमाल त्यांनीं आपल्या हातानें बांधिला.

यावरून दुसरी गोष्ट निघते, आणि ती आम्हां पाळकांस व उपदेशकांस जड जाणारी आहे. नम्रतेचा उपदेश पहिल्यानें कोणास करावयाचा? मार्काच्या दहाव्या अध्यायांत प्रभूनें सेवक होण्याविषयीं जें शिक्षण दिलें, तें याकोब व योहान यांनीं उजवीकडची व डावीकडची आसनें मागितलीं तेव्हां, आणि बाकीचे दहा त्यामुळें रागावले तेव्हां दिलें. लूकाच्या बाविसाव्या अध्यायांत, त्या शेवटच्या भोजनाच्या वेळींच, आपणांमध्यें मोठा कोण असा शिष्यांचा वाद चालला होता. म्हणजे प्रभूनें हें औषध आसनें मागणाऱ्यांस दिलें. आंधळा बार्तीमय रस्त्याच्या कडेस भीक मागत बसला होता. त्यास प्रभूनें अधिक नम्र हो असें सांगितलें नाहीं. त्यास गप्प बस म्हणून लोकांनीं दटाविलें. प्रभूनें मात्र थांबून त्यास जवळ बोलाविलें, आणि तुझ्यासाठीं मी काय करावें असें विचारिलें. लोक ज्यास दटावीत होते, त्याला प्रभूनें ऐटीनें बसलेल्यांचें औषध पाजिलें नाहीं.

आमच्या मंडळ्यांत याच्या उलट कसें घडतें तें पाहा. पाळक किंवा मिशनचा कोणी अधिकारी खेड्यांत गेला म्हणजे त्यास खाट टाकितात, चादर घालितात, पाय धुण्यास ऊन पाणी देतात, पहिलें ताट त्याचें वाढितात. हा आपल्या देशाचा पाहुणचार आहे, आणि तो प्रीतीनें केलेला असतो. तो झिडकारावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जेवून उठल्यावर तोच मनुष्य जेव्हां नम्रतेवर उपदेश करितो, तेव्हां चुलीपाशीं बसलेली म्हातारी, जिनें सकाळपासून पाणी वाहिलें व अजून एक घांस खाल्ला नाहीं, ती आपल्याच पापाचा विचार करूं लागते. ज्यास ऐकावयाचें तो बोलत असतो, आणि जिला कांहीं ऐकण्याची गरज नव्हती ती रडत असते. उपदेशकबंधूंनो, नाताळच्या किंवा कापणीच्या सणाच्या जेवणावळीच्या दिवशीं एकदां डोळे उघडे ठेवून पाहा. पाणी कोण भरितें? पंगत उठल्यावर जमीन कोण सारवितें? शेवटीं कोण जेवतें, आणि तेव्हां भांड्यांत काय उरलेलें असतें? दर वर्षीं तींच माणसें असतील, आणि तीं विधवा, गरीब किंवा मंडळींत ज्यांचें वजन कमी अशीं असतील, तर समजावें कीं गांवची जुनी चाकरी वेशीवरून उठून आपल्या प्रार्थनामंदिरांत येऊन राहिली आहे.

शहरांत गेलेले आमचे पुष्कळ भाऊबंद झाडलोटीच्या व गटारें साफ करण्याच्या कामावर आहेत. मैला हातानें उचलावयास लावणें १९९३ च्या व २०१३ च्या कायद्यांनीं गुन्हा ठरविलें आहे. तरी जन्म पाहून माणसास त्या कामाकडे लोटण्याची वृत्ति अजून गेली नाहीं. अशा वेळीं पुलपिटावरून सर्व काम पवित्र आहे असें सांगणें फार सोपें असतें. काम पवित्र असेल; पण कामास पवित्र म्हणून माणसास त्यांत कोंडून ठेवूं नये. जो असें म्हणतो त्यानें स्वतःच्या मुलास त्या पवित्र कामावर पाठविण्याची तयारी आहे काय, हें आधीं आपल्या मनास विचारावें.

आतां पेत्राकडे पाहूं, कारण त्याच्या वागण्यांत नम्रतेचा तिसरा धडा आहे. प्रभु त्याच्या पायांशीं आला, तेव्हां पेत्र म्हणाला कीं, मी हें कधींही होऊं देणार नाहीं. वरवर पाहतां हें बोलणें मोठ्या लीनतेचें दिसतें. परंतु प्रभूनें तें मान्य केलें नाहीं. मी तुला धुतलें नाहीं तर माझ्याबरोबर तुला वांटा नाहीं, असें त्यानें निक्षून सांगितलें. सेवा करणें जसें शिकावें लागतें, तसें सेवा घेणेंही शिकावें लागतें. आणि पुष्कळदां तें अधिक कठीण असतें. देणाऱ्याचा हात वर असतो, घेणाऱ्याचा खालीं असतो. जो सदा देतोच आणि कोणाचें कांहीं घेत नाहीं, त्याच्या दातृत्वांत गर्व लपून बसलेला असूं शकतो.

आमच्या देशांत तर या घेण्याची कसोटी पाण्याच्या तांब्यावर होते. लक्ष्मीबाई टिळकांनीं 'स्मृतिचित्रें' या आपल्या आत्मचरित्रांत हें निर्भीडपणें सांगितलें आहे. त्यांचे पति नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. त्यानंतर कांहीं वर्षांनीं त्या त्यांच्याजवळ राहावयास आल्या, तरी प्रथम त्यांनीं आपलें सोंवळें, स्वयंपाक व पाणी वेगळें ठेविलें. हळूहळू तें बंधन त्यांच्या मनांतून गळून पडलें, आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ज्या माणसांस आपण काल दूर ठेविलें, त्यांच्या हातचें पाणी आज घेणें ही त्या बाईंची मोठी नम्रता होती. गरिबांस दोन पैसे देणें त्यांस आधींही कठीण नव्हतें.

परंतु आमच्या वाचकांनीं हें वाचून ब्राह्मणांकडे बोट दाखवूं नये. महारवाड्यांतून आलेलीं घरें आणि मांगवाड्यांतून आलेलीं घरें एकाच मंडळींत आहेत, एकाच मेजावरून प्रभुभोजन घेतात, आणि घरीं गेल्यावर एकमेकांच्या तांब्यास तोंड लावीत नाहींत, असें किती गांवीं घडतें! सोयरीक तर दूरच राहिली. एकानें दुसऱ्यास दुष्काळांत धान्य दिलें असेल, आजारांत दवाखान्यांत नेलें असेल. तें सारें चांगलें आहे. पण त्याच्या घरीं बसून, त्याच्या बायकोनें वाढलेली भाकर त्यानें खाल्ली काय? दिलेल्या धान्यानें पोट भरतें. खाल्लेल्या भाकरीनें भाऊ मिळतो. आणि ज्याचे पाय कधीं कोणीं धुतले नाहींत, त्यानें एकदां स्वस्थ बसून आपले पाय दुसऱ्यास धुवूं देणें, हीच त्याच्या बाबतींत नम्रतेची पहिली पायरी होय. मी याला लायक नाहीं असें म्हणून त्यानें पाय मागें घेऊं नयेत. त्यास लायक प्रभूनें केलें आहे.

हाच विचार घराच्या उंबऱ्याच्या आंतही नेला पाहिजे. बायको पतीच्या आधीं जेवत नाहीं, आजारी असली तरी चूल पेटविते, आणि त्यास आपण तिची नम्रता म्हणून वाखाणितों. ती कदाचित् प्रीतीनें करीत असेल, आणि तसें असेल तर तिची सेवा देवास प्रिय आहे. पण तिला दुसरा मार्ग मोकळा होता काय? ज्या घरांत पतीनें कधीं पाण्याची घागर उचलली नाहीं, त्या घरांत पत्नीची सेवा प्रीतीची कीं वेठीची हें ओळखावयास साधनच उरत नाहीं. पतीनें एकदां घागर उचलली म्हणजे तें आपोआप कळूं लागतें.

येथवर वाचून कोणी तरुण म्हणेल, बरें झालें, आतां आम्हांस कोणापुढें वाकण्याचें कारण नाहीं. त्यालाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. बापानें मोलमजुरी करून मुलास शिकविलें, मुलगा नोकरीस लागला, आणि आतां गांवीं आला म्हणजे मंदिराचें अंगण झाडण्यास त्याचा हात पुढें होत नाहीं. म्हाताऱ्या बापाचे सुजलेले पाय चोळून देण्यास त्यास लाज वाटते. झाडू म्हटला कीं त्यास जुना अपमान आठवतो. त्याचें दुःख आम्ही समजतों. परंतु जो झाडूला भितो, तो अजून झाडूचाच गुलाम आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत पौल सांगतो कीं, तुम्हांस मोकळीक मिळावी म्हणूनच बोलाविलें आहे. मात्र ती मोकळीक देहवासनेसाठीं न वापरितां प्रीतीनें एकमेकांची सेवा करावी. जो सुटला तो सुटलेपणाचा उपयोग काय करितो, यावरून त्याची सुटका पुरी झाली कीं नाहीं हें कळतें. फारोच्या हातून सुटून जर आपण स्वतःच लहानसे फारो झालों, तर तांबडा समुद्र ओलांडल्याचा काय लाभ?

तात्पर्य, प्रिय वाचकहो, रुमाल कोणीं बांधावा या प्रश्नाचें उत्तर असें आहे. जो उंच बसला आहे त्यानें तो आधीं बांधावा. जो मोकळा झाला आहे त्यानें तो आनंदानें बांधावा. ज्याच्या कंबरेस तो दुसऱ्यांनीं जन्मभर बांधून ठेविला होता, त्याचा तो आधीं सोडावा, त्यास आसनावर बसवावें, आणि मग त्याच्या मनास येईल तेव्हां त्यानें तो आपल्या हातानें घ्यावा. प्रत्येक मंडळीनें पुढील सणाच्या दिवशीं एवढेंच करून पाहावें : पंच व पाळक यांनीं पाणी भरावें व वाढावें, आणि जी माणसें दर वर्षीं शेवटीं जेवतात त्यांस पहिल्या पंगतीस बसवावें. तीं नको नको म्हणतील, पेत्राप्रमाणें संकोचानें पाय मागें घेतील. तरी प्रेमानें आग्रह करावा. त्या दिवशीं उपदेश थोडा झाला तरी चालेल. तेरावा अध्याय सर्वांस कळलेला असेल.

ज्या प्रभूनें आपली थोरवी जाणून आपण होऊन रुमाल बांधिला, तो आमच्यांतील उंचांस खालीं उतरण्याचें व वाकविलेल्यांस ताठ उभें राहण्याचें सामर्थ्य देवो, आणि मग आम्हां सर्वांस एकमेकांच्या पायांशीं आणो.